नाव आणि पोशाख हा दावा, कृती हा पुरावा : सुपरहिरोंच्या मदतीने व्यक्तिचित्रण शिकवताना



पाचवी ते सातवीच्या वर्गात 'तुम्हाला आवडलेल्या व्यक्तीविषयी लिहा' असं सांगितलं की वहीत काय येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. 'तो शूर होता. तो दयाळू होता. तो सर्वांना मदत करायचा. तो मला खूप आवडतो.' पाठ बदलतो, व्यक्ती बदलते, ही चार वाक्यं मात्र बदलत नाहीत. मुलांकडे विशेषणं भरपूर असतात. ती कशावरून लावली, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आता त्याच मुलांना मधल्या सुट्टीत विचारून बघा, 'बॅटमॅन भारी की स्पायडर-मॅन?' मग थांबवावं लागतं! कोणी काय केलं, कधी केलं, कोण कुणाला घाबरला, कोणी कुणाला वाचवलं, प्रत्येक म्हणण्याला एक प्रसंग तयार असतो. म्हणजे पुरावा देऊन बोलणं मुलांना येतं. ते वहीत उतरत नाही एवढंच.

म्हणून व्यक्तिचित्रणाचा हा पाठ सुपरहिरोंपासून सुरू करूया. ते या कामाला सोयीचे आहेत, कारण त्यांचं नाव, रंग, छातीवरचं चिन्ह, मुखवटा हे सगळं लेखक-चित्रकारांनी ठरवून दिलेलं असतं. कॉमिकच्या छोट्या चौकटीत तो एका नजरेत ओळखू यायला हवा ना! त्यामुळे 'हे असंच का?' हा प्रश्न मुलं सहज विचारू शकतात. आणि त्यातून पुढचा, जास्त महत्त्वाचा प्रश्न येतो. नाव आणि पोशाख जे सांगतात ते खरं आहे का? कशावरून?

पाठाच्या सुरुवातीलाच फळ्यावर एक ओळ लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका:

नाव आणि पोशाख हा दावा. कृती हा पुरावा.

१. नाव काय सांगतं?

सुरुवात आपल्या ओळखीच्या नावापासून करा. १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' मालिका सुरू झाली. आजच्या मुलांच्या आईबाबांनी ती पाहिलेली असेल, त्यामुळे घरी विचारायलाही सोपं. शक्तिमान म्हणजे शक्ती असलेला. इथला 'मान' म्हणजे मानसन्मानातला मान नाही. 'असलेला' हा अर्थ देणारा तो प्रत्यय आहे. बुद्धिमान, श्रीमान हे त्याच घरातले शब्द. बलवान, गुणवान, धनवान यांतला 'वान' हा त्याचा भाऊ. 'सुपरमॅन'च्या शेजारी 'शक्तिमान' लिहून मोठ्याने वाचायला सांगा. कानाला दोन्ही सारखे वाटतात, पण एकात 'माणूस' आहे आणि दुसऱ्यात 'असलेला'. व्याकरणाचा प्रत्यय इतक्या आनंदाने क्वचितच शिकवता येतो!

त्याच्या शत्रूचं नाव तमराज किल्विष. तम म्हणजे अंधार. किल्विष हा पाप, दोष या अर्थाचा संस्कृत शब्द. आपण 'मनात किल्मिष ठेवू नकोस' म्हणतो, तो शब्द याच्याच नात्यातला. म्हणजे नाव कळलं की पात्र कोणत्या बाजूचं, हे मालिका सांगून मोकळी होते.

मग मुलांना माहीत असलेली नावं फळ्यावर घ्या आणि त्यांचे गट पाडा.

• शक्ती सांगणारी नावं: सुपरमॅन, शक्तिमान, मिन्नल मुरली. (मलयाळम भाषेत मिन्नल म्हणजे वीज.)
• प्राण्यावरून आलेली नावं: बॅटमॅन, स्पायडर-मॅन, ब्लॅक पँथर.
• पद किंवा जबाबदारी सांगणारी नावं: कॅप्टन अमेरिका.
• दुसऱ्यांनी दिलेली नावं: हल्क, डेअरडेव्हिल.

हे मुलांना अगदीच नवीन नाही. महाभारतातला अर्जुन सव्यसाची आहे, म्हणजे डाव्या हातानेही बाण सोडू शकणारा. भीम वृकोदर आहे, म्हणजे लांडग्यासारखं भुकेचं पोट असलेला. एक नाव कौशल्य सांगतं, दुसरं भूक सांगतं. पण अर्जुन आतून कसा आहे, भीमाला कशाचं वाईट वाटतं, हे या नावांत नाही. ते प्रसंगांतच शोधावं लागतं.

इथे एक प्रश्न टाका: 'स्पायडर-मॅन खरंच मॅन आहे का?' १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो निर्माण केला तेव्हा पीटर पार्कर शाळेत शिकणारा मुलगा होता. लाजाळू, चष्मा लावणारा, वर्गात फारसे मित्र नसलेला. त्याने नाव मात्र घेतलं 'मॅन'. मुलं चटकन म्हणतात, 'त्याला मोठं व्हायचं असेल!' बरोबर. काही नावं आपण कोण आहोत ते सांगतात आणि काही नावं आपल्याला कोण व्हायचंय ते सांगतात.

२. पोशाख कुणाशी बोलतो?

पोशाखाबद्दल बोलताना 'याचा रंग कोणता?' एवढ्यावर थांबू नका. 'हा पोशाख कुणाशी बोलतोय?' असं विचारा. चर्चा एकदम वेगळ्या वाटेने जाते.

सुपरमॅन १९३८ मध्ये आला. जेरी सीगल या लेखकाने आणि जो शुस्टर या चित्रकाराने तो घडवला. निळा, लाल, पिवळा असे ठळक रंग. चेहरा पूर्ण उघडा. लांबूनच दिसावा असा हा पोशाख संकटात सापडलेल्या माणसाला सांगतो, 'घाबरू नका, मी आलोय.'

पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, बॅटमॅन आला. त्याचं सगळं उलटं. गडद रंग, चेहऱ्यावर मुखवटा, टोकदार कान, रात्रीची वेळ. कथेत ब्रूस वेन लहान असताना त्याच्या डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून होतो. मोठेपणी गुन्हेगारांना धडकी भरेल असं रूप तो शोधत असतो आणि तेवढ्यात खिडकीतून एक वटवाघूळ आत येतं. त्याचा पोशाख संकटातल्या माणसाशी बोलतच नाही. तो गुन्हेगाराशी बोलतो, 'आता तू घाबर.'

दोघंही चांगल्या बाजूचे. तरी एकाचा पोशाख धीर देतो आणि दुसऱ्याचा भीती दाखवतो. 'उजळ कपडे म्हणजे चांगला, काळे कपडे म्हणजे वाईट' हे समीकरण इथेच मोडतं.

गंमत म्हणजे बॅटमॅन सुरुवातीला असा नव्हता. चित्रकार बॉब केन यांच्या पहिल्या कल्पनेत त्याचे घट्ट कपडे लाल होते, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा होता आणि पाठीला ताठ पंख होते. गडद रंग, डोकं झाकणारा मुखवटा आणि केप या सूचना लेखक बिल फिंगर यांच्या. बॅटमॅनचं रेखाचित्र देऊन मुलांना ते गुलाबी-पिवळ्या रंगात रंगवायला सांगा आणि मग विचारा, 'याला चोर घाबरेल का?' वर्गात हशा पिकेल, पण रंग आणि परिणाम यांचं नातं मुलं विसरणार नाहीत.

मुखवटा : 'तोंड लपवतो म्हणजे काहीतरी लबाडी असणार' असं मुलांना वाटतं. इथे 'क्रिश' उपयोगी पडतो. २००६ च्या या चित्रपटातल्या कृष्णाने आजीला वचन दिलेलं असतं की आपली शक्ती जगाला दाखवायची नाही. सर्कशीला आग लागते, मुलं आत अडकतात. वचन तर पाळायचंय आणि मुलंही वाचवायचीत. तिथेच पडलेल्या तुटक्या मुखवट्याने तो चेहरा झाकतो आणि आत शिरतो. म्हणजे त्याचा मुखवटा दिलेल्या शब्दातून आला. स्पायडर-मॅनचा मुखवटा तर पूर्ण चेहरा झाकणारा. त्याच्याआड तो लाजाळू मुलगा मारामारी करता करता विनोदही करतो. वर्गात एरवी गप्प बसणारं मूल नाटकात दाढी लावली की कसं खुलतं, ते आठवा.

हातातली वस्तू : १९४१ मधल्या कॅप्टन अमेरिकाच्या हातात ना तलवार ना बंदूक, ढाल आहे. ढाल आधी वाचवते. त्याच वर्षी आलेल्या वंडर वूमनच्या हातातला दोर ज्याला बांधला जातो त्याला खरं बोलावं लागतं. तिचे निर्माते विल्यम मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते. रक्तदाबावरून खोटं पकडता येतं का, याचा त्यांनी अभ्यास केला होता. शस्त्र कोणतं निवडलंय यावरूनही स्वभावाचा अंदाज बांधता येतो.

चष्मासुद्धा पोशाखच : सुपरमॅन एरवी क्लार्क केंट म्हणून वावरतो. चष्मा, साधे कपडे, वर्तमानपत्रातली नोकरी. शक्तिमानही एरवी पुढे आलेल्या दातांचा, चष्मा लावणारा, वर्तमानपत्रात काम करणारा गंगाधर असतो. मोठ्या वर्गासाठी प्रश्न: 'सुपरमॅनचा खरा पोशाख कोणता आणि सोंग कोणतं? केप की चष्मा?' दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एक बरोबर उत्तर सांगायची घाई करू नका.

३. प्रत्येक रंगाला अर्थ असतोच असं नाही

अर्थ शोधायची सवय लागली की मुलं (आणि आपणही!) जिथे अर्थ नाही तिथेही तो काढू लागतो. म्हणून हा भाग वगळू नका.

हल्क हिरवा का? 'हिरवा म्हणजे विष', 'हिरवा म्हणजे राग' अशी उत्तरं येतील. खरी गोष्ट अशी की १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी होता. त्या काळच्या छपाईत तो राखाडी रंग सगळ्या पानांवर एकसारखा येईना, म्हणून पुढच्या अंकापासून तो हिरवा झाला. एवढंच!

सुपरमॅनची चड्डी वरून का, हा तर प्रत्येक वर्गातला ठरलेला प्रश्न. हसून टाळू नका, उत्तर द्या. त्या काळी सर्कशीतले ताकदीचे खेळ करणारे पहिलवान घट्ट कपड्यांवर तशीच चड्डी घालत. त्या पोशाखावरून वाचकाला लगेच कळे की हा बलवान माणूस आहे. आणि केप? स्थिर चित्रात वेग दाखवणं अवघड असतं. मागे फडफडणारं कापड काढलं की तो उडतोय हे कळतं.

म्हणजे पोशाखातली एखादी गोष्ट तीन कारणांनी आलेली असू शकते: पात्राचा स्वभाव, चित्रकाराची सोय किंवा छपाईसारखी एखादी अडचण. 'मला असं वाटतं' आणि 'हे असंच आहे' यांतला फरक मुलांना इथे दाखवता येतो. 'कदाचित', 'बहुधा', 'यावरून वाटतं की' हे शब्द याच तासाला लिहून द्या.

४. कपडे तेच, माणूस बदलला

हा पाठाचा गाभा आहे, इथे वेळ द्या.

स्पायडर-मॅनचा पोशाख पीटरने कशासाठी शिवला? लोकांना वाचवण्यासाठी नाही! पहिल्या कथेत त्याला शक्ती मिळते तेव्हा तो आपले खेळ दाखवून पैसे आणि प्रसिद्धी मिळवायला निघतो. त्या खेळांसाठी तो हे भपकेबाज कपडे शिवतो. अशातच एक चोर त्याच्यासमोरून पळतो. अडवणं सहज शक्य असतं, पण 'माझा काय संबंध?' म्हणून तो जाऊ देतो. पुढे तोच चोर त्याच्या बेन काकांचा जीव घेतो. त्यानंतर पीटर बदलतो. नाव तेच, मुखवटा तोच, जाळी तीच. आधी ते दिखाव्याचे कपडे होते, आता ती जबाबदारी झाली. काय बदललं? फक्त त्याचा निर्णय.

'मिन्नल मुरली' या २०२१ च्या मलयाळम चित्रपटात हे आणखी स्पष्ट दिसतं. नायक जेसन हा केरळातल्या गावातला शिंपी. त्याच्यावर वीज पडते आणि त्याला शक्ती मिळते. त्याच रात्री गावातल्या शिबू नावाच्या माणसावरही वीज पडते आणि त्यालाही शक्ती मिळते. दोघांचीही आयुष्यं सोपी नाहीत, दोघांनाही गावाने दुखावलेलं आहे. पुढे एक नायक होतो आणि एक खलनायक. आणि शिबू नुसता दुष्ट नाही, त्याचं दुःख आपल्यालाही कळतं. (काही प्रसंग हिंसक आहेत, त्यामुळे चित्रपट दाखवण्याआधी स्वतः पाहा. वर्गात गोष्ट सांगितली तरी पुरते.)

तिसरं उदाहरण मुलींनी ऐकायलाच हवं आणि मुलांनीही. कमला खान ही अमेरिकेत जर्सी सिटीमध्ये राहणारी, पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी. २०१४ मध्ये 'मिस मार्व्हल' या नावाने तिचं कॉमिक सुरू झालं. रूप बदलण्याची शक्ती मिळाल्यावर ती पहिल्यांदा कोण होते? सोनेरी केसांची, गोरी, तोकड्या पोशाखातली तिची आवडती नायिका! पण त्या रूपात तिला अवघडल्यासारखं होतं. हळूहळू तिला उमगतं की लोकांना वाचवायला दुसऱ्या कुणासारखं दिसावं लागत नाही. पोहताना घालायच्या तिच्या अंगभर पोशाखातून मग ती स्वतःचा पोशाख तयार करते. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती रोज बघणाऱ्या आपल्या मुलींशी बोलायला याहून चांगलं निमित्त कुठलं?

५. चेहऱ्यावरून खलनायक ओळखायचा नाही

सुपरहिरोंच्या गोष्टींमध्ये एक खोट आहे आणि ती मुलांसमोर बोलून दाखवायला हवी. खलनायक ओळखू यावा म्हणून त्याच्या चेहऱ्याला व्रण, भाजल्याच्या खुणा, विद्रूपपणा देण्याची सवय या कथांना लागलेली आहे. बॅटमॅनच्या कथांतला टू-फेस घ्या. हार्वी डेंट नावाच्या या सरकारी वकिलाच्या तोंडावर ॲसिड फेकलं जातं आणि अर्धा चेहरा जळतो. खरं तर तो गुन्ह्याचा बळी. पण कथेत जळलेला अर्धा चेहरा हीच त्याच्या वाईटपणाची खूण होऊन बसते.

आपल्या वर्गात भाजल्याचा डाग असलेलं, कोड असलेलं, ओठ फाटलेला असलेलं मूल असू शकतं. ते हे चित्र कसं पाहत असेल? आणि त्याच्या शेजारचं मूल यातून काय शिकत असेल? म्हणून सरळ विचारा: 'व्रण कशामुळे येतो? वाईट वागल्यामुळे?' मग दुसऱ्या बाजूची उदाहरणं द्या. एक्स-मेनचा प्रमुख प्रोफेसर एक्स व्हीलचेअर वापरतो. डेअरडेव्हिल अंध आहे. ब्लॅक पँथर पायापासून डोक्यापर्यंत काळ्या पोशाखात असतो आणि तो आपल्या प्रजेला जपणारा राजा आहे. शरीर हा कुणाचाच दावा नसतो. ते माणसाने निवडलेलं नसतं. पोशाख निवडलेला असतो. एवढा फरक मुलांच्या मनात पक्का झाला, तर पाठाचं निम्मं काम झालं.

६. चिडवायचं नाव

जाड्या, चश्मिश, काळू, लंबू, ढ. ही नावंही मुलांना कोणीतरी दिलेलीच असतात आणि काही मुलं ती दहावीपर्यंत अंगावर वागवतात.

इथे १९६४ मध्ये आलेल्या डेअरडेव्हिलची गोष्ट सांगा. मॅट मर्डॉकचे वडील मुष्टियोद्धे. मुलाने मारामारीत पडू नये, शिकून मोठं व्हावं, असा त्यांचा आग्रह. म्हणून मॅट खेळायला न जाता अभ्यास करतो. गल्लीतली मुलं त्याला टोमणा म्हणून 'डेअरडेव्हिल' म्हणतात, म्हणजे मोठा आला धाडसी! पुढे एका माणसाला ट्रकखाली येण्यापासून वाचवताना मॅटची दृष्टी जाते. तो वकील होतो. आणि सुपरहिरो म्हणून नाव घ्यायची वेळ येते तेव्हा तो तेच टोमण्याचं नाव उचलतो. शब्द तोच राहतो, त्याचा अर्थ त्याने आपल्या वागण्याने बदललेला असतो.

पण सावध राहा. या गोष्टीचा अर्थ 'चिडवलं तर सहन कर, एक दिवस तूही हिरो होशील' असा लावू नका. नाव घेण्याचा निर्णय मॅटचा होता, चिडवणाऱ्यांचा नव्हता. 'कुणी दिलेलं नाव नको असेल तर ते नाकारायचा हक्क प्रत्येकाला आहे' हे वर्गात मोठ्याने सांगा. आणि वर्गात चिडवायचं नाव चालू असेल तर ते थांबवणं हे त्या मुलाचं नाही, आपलं काम आहे.

७. वर्गात कसं घ्यायचं? (दोन तासिका)

पहिली तासिका: चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक सुपरहिरो. वहीत तीन रकाने आखायचे.

• पहिला रकाना, दावा: नाव आणि पोशाख काय सांगतात?
• दुसरा रकाना, पुरावा: त्याने नेमकं काय केलं? (किमान दोन प्रसंग)
• तिसरा रकाना, माझं मत: दावा आणि पुरावा जुळतात का? कशावरून?

नमुन्यासाठी बॅटमॅन घ्या. दावा: 'मला घाबरा.' पुरावा: सर्कशीत आईवडील गमावलेल्या डिक ग्रेसन या मुलाला तो आपल्या घरी आणतो. हाच पुढे रॉबिन होतो. मत: दिसायला भीतिदायक, पण पोरक्या मुलाचं दुःख ओळखणारा.

आता वहीतलं वाक्य कसं बदलतं बघा.

आधी: 'बॅटमॅन शूर आणि दयाळू आहे.'

नंतर: 'बॅटमॅनला पाहून आधी भीती वाटते, कारण त्याचे कपडे काळे आहेत आणि तो रात्री येतो. पण आईवडील गेलेल्या डिकला त्याने स्वतःच्या घरी आणलं. लहानपणी त्याचेही आईवडील गेले होते. म्हणून मला वाटतं, त्याला दुसऱ्याचं दुःख लवकर कळतं.'

'दयाळू' हा शब्द कुठेच नाही, पण दयाळूपणा दिसतो.

दुसरी तासिका: हेच तीन रकाने आता साध्या माणसासाठी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यासाठी उत्तम. खरं नाव बनेश. ना केप, ना मुखवटा, ना अचाट शक्ती. किडकिडीत अंग, चौकटीचा शर्ट आणि सायकल. नावातलं 'फास्टर' वेग सांगतं. पण तो नुसता वेगवान आहे का? मुलांना प्रसंग शोधू द्या. त्यानंतर पाठ्यपुस्तकातली कोणतीही व्यक्ती घ्या आणि शेवटी घरातली किंवा शाळेतली एखादी: आजी, शाळेच्या मावशी, रिक्षाकाका. खाकी शर्टातले रिक्षाकाका दावा काहीच करत नाहीत. पुराव्याचा रकाना मात्र भरून वाहतो.

घरचा उपक्रम, 'नाव कमावूया': प्रत्येकाला वर्गातल्या एका सोबत्याच्या नावाची चिठ्ठी द्या. आठवडाभर त्याची एक चांगली कृती हेरायची आणि त्यावरून त्याला नाव द्यायचं. मराठीचे प्रत्यय वापरायचे: वान, वीर, दाता, मित्र, रक्षक, दार. पेन्सिलदाता, झाडमित्र, हास्यवीर अशी नावं तयार होतात. ('खोर' प्रत्ययही दाखवा. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर. हा बहुतेक वेळा खलनायकांच्याच वाट्याला येतो!) नियम तीन: शरीर, रंग, आडनाव, गुण यांवरून नाव द्यायचं नाही, नावासोबत कृती सांगायची आणि ज्याला नाव मिळालं त्याला ते आवडलं तरच ठेवायचं.

८. मूल्यमापन

चित्र किती सुंदर काढलं याला इथे गुण देऊ नका. पुढच्या गोष्टी पाहा.

• प्रत्येक विशेषणामागे एक तरी प्रसंग आहे का?
• दावा आणि पुरावा यांत फरक असेल तर तो मुलाने ओळखला का?
• अंदाज असेल तिथे 'कदाचित', 'यावरून वाटतं' असे शब्द आले का?
• स्वतः तयार केलेल्या नावात मराठीचा प्रत्यय योग्य वापरला का?

ज्या मुलांना लिहायला वेळ लागतो, त्यांच्याकडून तोंडी उत्तरं घ्या. या विषयावर ती भरभरून बोलतात.

९. पालकांसाठी

चित्रपट किंवा कार्टून संपल्यावर 'आवडलं का?' एवढंच विचारून थांबू नका. तीन प्रश्न विचारा: तो कसा दिसत होता? त्याने काय केलं? शक्ती नसती तर त्याने काय केलं असतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, मूल तिथे बऱ्याचदा स्वतःबद्दल बोलत असतं.

गॅदरिंगसाठी महागडा पोशाख विकत आणलाच पाहिजे असं नाही. स्पायडर-मॅनने आणि डेअरडेव्हिलनेही आपला पहिला पोशाख स्वतःच शिवला होता, हे मुलांना सांगा! जुनी ओढणी, पुठ्ठा आणि रंग पुरतात. केप मात्र गळ्याभोवती गाठ मारून बांधू नका. ती कुठे अडकली तर फास बसू शकतो. खांद्यांवर वेलक्रो लावा, ओढलं की सुटून येईल असं. आणि लहान मुलांना स्पष्ट सांगा, 'पोशाख घातला म्हणून उडता येत नाही.' आपल्याला हे सांगायची गरज वाटत नाही, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला असते.

येत्या आठवड्यात एक तासिका काढून तीन रकान्यांचा तक्ता करून बघा. सुरुवात सुपरहिरोपासून करा आणि शेवट तुमच्या शाळेची घंटा वाजवणाऱ्या शिपाईकाकांवर किंवा खिचडी शिजवणाऱ्या ताईंवर करा. पुराव्याचा रकाना भरायला मुलांना त्यांच्याकडे जाऊन चार प्रश्न विचारावे लागतील. ते जरूर विचारू द्या.